अवसरीतली खोली
औषधाच्या दुकानात हिरड्याची बरणी उघडली की त्या तुरट वासासरशी मला अवसरी खुर्दची खोली आठवते. आमचं घर पश्चिमेकडच्या डोंगरात, पिकलेला भात घरी खायचा आणि हिरडा वेचून, वाळवून विकायचा, एवढीच आमची कमाई. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा बाबा मला घेऊन खोली शोधायला आले. दोन घरमालकांनी बाबांकडे पगाराची स्लिप मागितली, आणि हिरडा म्हटल्यावर लांबूनच हात जोडले. पावसानं रस्त्याचा चिखल पायाला चिकटत होता. तिसऱ्या दारात मालकांनी विचारलं, "पोरीचा बाप काय करतो?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "चाकणला कंपनीत हाय. त्याला सुट्टी न्हाई. मी चुलता." हिरड्यानं काळी पडलेली बोटं त्यांनी पाठीमागं धरली होती. "कंपनीत हाय म्हटल्यावर कागदबी नको," म्हणत मालकांनी किल्ली दिली. मग बाबा तांदूळ घेऊन यायचे तेव्हा मालकांसमोर मी त्यांना काका म्हणायचे, आणि तेही मुकाट्यानं ओ द्यायचे. तिसऱ्या वर्षी बाबा हिरड्याच्या झाडावरून पडले आणि गेले. मी रडत पिशवी भरत होते, तर मालक दारात येऊन म्हणाले, "चुलताच ना गं? लई दिवस ऱ्हाऊ नको, परीक्षा हाय." खोली जाईल या भीतीनं मी "हो" म्हणाले. आता दर महिन्याला मला पगाराची स्लिप येते, आणि तिच्यावर माझ्या नावापुढं बाबांचं नाव छापलेलं असतं.