जयूची खुनाची पोथी

रविवारी सकाळी यज्ञेश्वररावांना घरी गाठायला कुणी जाऊच नये. चार माणसं आंघोळ करून देवापुढे बसतात, त्या वेळेला हे कापडी थैली घेऊन देवास गेटला बंसीलालच्या दुकानात. दुकानात पुढे शाळेची जुनी पुस्तकं आणि मागे रद्दीचा डोंगर. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्या डोंगराच्या पायथ्याशी, एका गठ्ठ्यावर, त्यांची जागा ठरलेली.

उज्जैनात मराठी पुस्तक नवं मिळणं कठीण, जुनं मात्र मिळतं. कुणा मराठी घरातलं म्हातारं माणूस जातं, मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला असतात, आणि तेरावं उरकलं की कपाटच्या कपाट बंसीलालकडे येतं. यज्ञेश्वरराव हळहळायचे, पण हात आखडता घ्यायचे नाहीत. आता कुठेच छापत नाहीत असं एखादं प्रवासवर्णन सापडलं की चेहरा असा फुलायचा, मुलगा पहिल्या नंबराने पास झाला तेव्हासुद्धा तसा फुलला नव्हता. घरी आणून पुसायचं, ऊन द्यायचं, डिंकाने पाठ चिकटवायची. पानाचा कोपरा कुणी दुमडलेला दिसला की घरात सगळ्यांची हजेरी. सून भार्गवी म्हणायची, "बाबा नातवाला एवढं जपत नाहीत."

बायको जयू चौथी शिकलेली. तिचं पुस्तक एकच. लग्न होऊन इथे आली तेव्हा एका शेजारणीने बदली होऊन जाताना दिलेली रहस्यकथा. कव्हर गेलेलं, वर खाकी कागद. श्रावण लागला की गल्लीतल्या मराठी बायका पोथी लावायच्या, जयूही लावायची. तिची पोथी ही. पाटावर मांडून, रोज थोडं थोडं, मोठ्याने. अमावास्येला समाप्ती. बायका जमायच्या, केशरी भात व्हायचा आणि जयू खुनी कोण ते सांगायची. दरवर्षी खुनी तोच, तरी बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. यज्ञेश्वरराव हसायचे. पुस्तक काही कधी उघडून पाहिलं नाही.

यंदा आषाढात भिंतीला ओल आली म्हणून त्यांनी कपाट रिकामं केलं. खालच्या कप्प्यात ते खाकी पुस्तक हाताला लागलं. फाटकं, नाव नाही, गाव नाही. स्वतःच्या हाताने रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं, गठ्ठा बंसीलालकडे पोचवला आणि विसरले.

पुढे महाकालाच्या पालखीची पहिली सवारी निघाली त्या सोमवारी जयूने विचारलं, "अहो, माझी पोथी कुठे दिसत नाही?"

यज्ञेश्वररावांना तो रद्दीचा गठ्ठा आठवला. "असेल इथेच."

इथल्या लोकांचा सावन लागला होता, पण आपला श्रावण त्यांच्या मागून पंधरवड्याने लागतो. तेवढीच काय ती सवड. छत्री घेऊन ते बंसीलालकडे धावले.

"खाकी कवर वाली? बाबूजी, आपने ही तो बोला था, फालतू है. सेव वाले को दे दी."

सेववाला म्हणाला, "उसकी पुड़िया तो आधा शहर खा गया."

मग दुसरी प्रत शोधायची. फ्रीगंजातली दुकानं झाली, स्टेशनजवळचे ठेले झाले. जिथे जावं तिथे पहिला सवाल, नाम क्या है? आणि नावच तर माहीत नव्हतं! 'वो लाल जिल्द वाली किताब' मागणाऱ्या बंसीलालच्या गिऱ्हाइकांना इतकी वर्षं हसले, आता स्वतःच 'वो खून वाली' म्हणत फिरत होते.

शेवटी जयूलाच विचारलं. ती भेंडी चिरत होती.

"तुझ्या त्या पुस्तकाचं नाव काय गं?"

विळी थांबली. "रद्दीत घातलंत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? घालवल्याशिवाय तुम्ही माझ्या वस्तूचं नाव विचारणार आहात होय!"

"दुसरी आणून देतो."

"आणा. आजवर जगाची पुस्तकं शोधलीत, आता घरचं शोधा. 'कंदिलामागचा हात'. पानापानावर वर छापलेलं होतं."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पुढची भेंडी चिरू लागली. संध्याकाळी शेजारच्या केतकीला मात्र भिंतीवरून म्हणाली, "यंदा आपली समाप्ती नाही हो." ते यज्ञेश्वररावांच्या कानावर पडलं आणि जेवण गेलं नाही.

आता ते रोज बंसीलालकडे. श्रावण उद्यावर आला तेव्हा एका मराठी घरातलं सामान तिथे उतरलं. गठ्ठा सोडला, तर वरच कितीतरी वर्षं शोधत होते ते प्रवासवर्णन. ते बाजूला सारून त्यांनी खाली हात घातला. हिरवं कव्हर, त्यावर कंदील. पुस्तक छातीशी धरून तसेच ऑटोत बसले. प्रवासवर्णन तिथेच राहिलं, हे घरी पोचल्यावर आठवलं.

जयूने हात पुसून पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं. "ही जाड आहे."

"तीच आहे. नाव बघ."

"माझ्यात डॉक्टर दिवा विझवतो तिथे कागद संपायचा. हे पुढचं काय?"

"म्हणजे शेवट नव्हताच? मग समाप्तीला काय सांगायचीस?"

"माझं मी सांगायची. पुतण्या खुनी. मेला सारखा हात धुतो, मला पहिल्यापासून माहीत!"

ती खिडकीत बसून तो शेवट वाचू लागली. चहा निवला. मग चष्मा काढून म्हणाली, "कंपाउंडर म्हणे!"

"असेल."

"असेल काय? तापात त्या पोरीच्या कपाळावरच्या पट्ट्या रात्रभर त्यानेच बदलल्या. लिहिणाऱ्याला स्वतःची माणसंसुद्धा कळली नाहीत!"

"जयू, छापलंय ते छापलंय."

"तुम्ही वाचलंय? मग बोलू नका. केतकी, कल्पना, सगळ्याजणी इतकी वर्षं त्या कंपाउंडरला भला माणूस म्हणताहेत. त्यांना आता काय सांगू?" तिने पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "नको मला. परत करून या."

यज्ञेश्वररावांनी डॉक्टर दिवा विझवतो ते पान तिला विचारून काढलं. मग उठून ब्लेड घेऊन आले.

पुस्तकाला ब्लेड लावायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. जिथे डॉक्टर दिवा विझवतो, तिथे शिवण होती. दोरा कापला आणि मागचा पानांचा जुडगा अलगद ओढून काढला. एक पान फाटलं नाही.

"नीट हो, आधीचं सुटायला नको," जयू वाकून बघत म्हणाली.

"नाही सुटत." त्यांनी पाठीला डिंक लावला. "आणि हे? टाकून देऊ?"

"टाकू नका, लिहिलंय कुणीतरी बिचाऱ्याने. तुमच्या कपाटात ठेवा. पण वाचायचं नाही हं."

"नाही वाचत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला, समई लावली. यज्ञेश्वरराव आंघोळ करून आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

जयूने चष्म्यावरून पाहिलं. "बसणार असाल तर मोबाईल बंद करा," म्हणाली, आणि पहिलं प्रकरण उघडलं.