बहिणीचे कपडे

माझ्या धाकट्या बहिणीवर गिरणीतल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, जबरदस्ती केली, तेव्हा आम्ही नायगावच्या चाळीत राहत होतो. आईवडील नव्हते, घर आत्याचं. तिनं बहिणीला त्याच दुपारी इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोलिसांनी तिचं लुगडं-पोलकं बांधून गाठोड्याला लाखेचं सील ठोकलं. "तपासणीला पाठवतो," म्हणाले.

पुढं काहीच कळेना. जॉबर जामिनावर सुटून कामावर आला. चाळीखाली उभा राहून आमच्या गॅलरीकडे बघायचा. बहिणीनं दाराबाहेर पडणंच सोडलं. मग एके दिवशी तीच म्हणाली, "आत्ये, पोलिसांकडे जाऊ या."

आम्ही तिघी गेलो, तर ठाण्यात मोर्च्याच्या बंदोबस्ताची धांदल होती. शिपाई लाठ्या घेऊन लॉरीत चढत होते. इन्स्पेक्टर म्हणाला, "कपडे इथंच आहेत. असल्या केसमध्ये सगळेच पाठवत नाही आम्ही, बाई. आधी मुलीचं म्हणणं पटलं पाहिजे. तो म्हणतो, दोघांची ओळख होती."

बहीण माझ्यामागून पुढं आली. "पटत नाही म्हणून तपासत नाही, आणि तपासल्याशिवाय पटणार नाही. मग मी करू काय, साहेब?"

"घरी जा. बाहेर गडबड होणार आहे."

ती बाकावर बसली. "कपडे पाठवा, मग जाते."

थोड्या वेळानं रस्त्यावर एकदम घोषणांचा गलका उठला, लोक धावायला लागले. खिडकीतून अश्रुधूर आत आला. डोळ्यांची आग आग झाली. आत्यानं पदर आम्हा दोघींच्या तोंडावर दाबला.

"चल गो, उद्या येऊ," मी खोकत म्हटलं.

"तू जा."

मला तिचा भयंकर राग आला. पण तिला सोडून जाववेना.

संध्याकाळी इन्स्पेक्टर परतला, तर आम्ही तिथंच. मग त्यानं हवालदाराला कपाट उघडायला लावलं. गाठोडं दमट झालं होतं, कापडावर बुरशी चढली होती. बहिणीनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी ते तपासणीला गेलं. अहवालात आलं, रक्त माणसाचं. बाकीचे डाग कुजल्यामुळे काही सांगता येत नाही. जॉबरच्या वकिलानं तेवढंच धरून ठेवलं. बहिणीनं न अडखळता साक्ष दिली, डॉक्टरीणबाईंनीही दिली. तरी जॉबर सुटला.

कोर्टाच्या जिन्यात आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बहीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कपडे वेळेवर पाठवले असते तर, आत्ये?"

पुढं ती लालबागच्या गिरणीत लागली, आपल्या पसंतीनं लग्न केलं, संसार केला. ठाण्यातल्या त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही दोघी कधीच बोललो नाही.