आधी नाक, मग जीभ

शारजात छत्री बाळगणारा माणूस मी एकच पाहिला. लाल छत्री, कायम मिटलेली, आणि डोक्याच्या वर उंच धरलेली. बरोबर तीन-चार माणसं असली की या आमच्या अंकलची छत्री वर जायचीच. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसातून कँटीनपर्यंत जायचं असलं तरी पुढे छत्री आणि मागे आम्ही.

"यल्ला, चला चला, मागे राहू नका हां! बोट थांबत नाही!"

ही त्यांची जुनी खोड. अंकल मूळचे वसईचे, आणि ऐन उमेदीत प्रवासी क्रूझवर कामाला होते. बोट मेक्सिकोच्या बंदराला लागली की प्रवाशांना दिवसभर किनाऱ्यावर फिरवायचं, तिथला नाच दाखवायचा, टकिलाची चव घ्यायला बसवायचं आणि सगळ्यांना मोजून परत बोटीवर चढवायचं, हे त्यांचं काम. पुढे ते आमच्या कंपनीत अ‍ॅडमिन बघायला लागले आणि योगायोगानं आमच्याच मजल्यावर राहायला आले. तुमच्याही शेजारात असं कुणीतरी असेल, ज्याच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी एकाच गावाला जाऊन पोचतात. अंकलचं ते गाव मेक्सिकोत होतं.

गंमत म्हणजे ती टकिला त्यांनी स्वतः कधी चाखलीच नव्हती. ड्युटीवर थेंबही घ्यायचा नाही, असा बोटीचा नियम. लोक चाखायचे, अंकल मागे उभे राहून डोकी मोजायचे. दुबईतल्या हॉटेलांत टकिला मिळायची, पण अंकल तिला हात लावत नसत. "पहिली घेईन ती तिथेच. त्याच अंगणात, खुर्चीवर बसून. आणि हिला शेजारी बसवून."

'ही' म्हणजे आंटी. आंटींचा या मेक्सिकोवर काडीचा विश्वास नव्हता. घायपातीसारखं काटेरी झाड, त्याचा भलामोठा गड्डा, तो भट्टीत भाजायचा, आणि त्यातून दारू? "थापा!" आंटी स्वयंपाकघरातूनच निकाल द्यायच्या. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं बाकी सगळं त्यांनी मान्य केलं होतं, एवढं सोडून.

शारजात दारूबंदी, आणि अंकल कायदा पाळणारे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी टकिलाचा जो वर्ग भरायचा, तो सरबतांवर. छोट्या ग्लासांत नारळपाणी, पन्हं आणि कोकम. पांढरी टकिला, सोनेरी टकिला, आणि लाकडी पिंपात मुरलेली गडद टकिला. माझ्या नवऱ्यानं एकदा कोकम घटाघटा प्यायलं तर अंकल कळवळले.

"अरे बाबा, आधी नाक! मग जीभ. गिळायचं सगळ्यात शेवटी."

"अंकल, इट्स जस्ट जूस," आमची लेक म्हणाली.

"हबीबी, आज जूस आहे. इन्शाल्ला, एक दिवस नसेल."

तो दिवस निवृत्तीच्या वर्षी आला. अंकलनी क्रूझ बुक केली, आणि आम्हा दोघांनाही भरीला पाडलं. ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून त्यांनी तारखा ठरवल्या. रमजान टाळला, ईद टाळली, साहेबांची सुट्टीही टाळली. त्या कॅलेंडरात सगळ्यांचे सण होते, फक्त ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नव्हता. चर्चमध्ये फादरांनी त्याची सूचना वाचली तेव्हा अंकलच्या डोक्यात प्रकाश पडला. टकिलाचा दिवस बरोबर उपवासकाळात येत होता.

दुसऱ्या कुणी एक दिवस काणाडोळा केला असता. पण आंटींचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा अंकलनी नवस बोलला होता. ही उठून बसली तर दर उपवासकाळात दारूला शिवणार नाही. तेव्हापासून त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

"तारीख बदलू या," मी म्हटलं.

"नॉन-रिफंडेबल आहे, बाय. खलास. तुम्ही घ्या, मी डोकी मोजतो. सवय आहे मला." हसून म्हणाले, पण त्यांचा चेहरा बघवेना.

बोट लागली. धक्क्यावर पाय ठेवताच अंकलची छत्री सवयीनं वर गेली, आणि आमच्या मागे दहा-बारा गोरे आजी-आजोबा शिस्तीत चालायला लागले! खरा गाइड बिचारा मागून हाका मारत पळत आला. आंटी पोट धरून हसल्या. पुढे घायपातीची शेतं दिसली, तो गड्डा दिसला, धुरकटलेली भट्टी दिसली. घेरदार घागऱ्यांचा नाचही झाला. आंटींचं हसू हळूहळू थांबलं. त्या एकेक गोष्ट बघायच्या आणि मग नवऱ्याकडे बघायच्या.

अंगणात टेबलं मांडली होती. प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास. अंकल या वेळी खुर्चीवर बसले खरे, पण आपले ग्लास त्यांनी हळूच बाजूला सारले. त्या क्षणी मला त्या नवसाचा रागच आला.

तेवढ्यात आंटींनी ते ग्लास स्वतःकडे ओढले.

"अगं, तू?" अंकल दचकले. आंटींनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता.

"नवस तुमचा. मी कुठे काय सोडलंय? कधी घेतलीच नाही, तर सोडणार काय!"

आणि मग आंटींनी गडद टकिलाचा ग्लास उचलला. आधी नाक. मग ओठ किंचित उघडून पुन्हा नाक. मग जिभेवर एक थेंब, डोळे मिटून. एवढे शुक्रवार स्वयंपाकघरातून त्यांनी सगळं ऐकलं होतं तर! अंकल पुढे वाकले.

"काय लागतंय?"

"भाजलेलं रताळं."

"मग?"

"मग मिरी. थांबा हो, घाई करू नका... मग आमच्या आईची लाकडी पेटी. लुगडी ठेवायची ती. तिचा वास." आंटींनी डोळे उघडले. "खरं सांगत होता तुम्ही सगळं."

अंकलनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. तिन्ही ग्लास संपले तेव्हा छत्री आंटींच्या हातात होती, आणि बसपर्यंत आम्हाला त्यांनीच नेलं.

तिथून घेतलेली एक बाटली ईस्टरसाठी म्हणून परस्पर वसईला गेली. त्याच वर्षी अंकल-आंटीही कायमचे वसईला परतले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे, आणि आम्ही कँटीनला आपापले जातो.

परवा व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे शोकेसमध्ये ती बाटली दिसली. सील तसंच.

"अहो अंकल, ईस्टर कधीच होऊन गेला! उघडा की आता."

"कशाला? चव माहीत आहे मला," अंकल म्हणाले. "आधी रताळं, मग मिरी, मग माझ्या सासूबाईंची पेटी."