आपला माणूस दिसेपर्यंत

"भाईर जायाची वाट कुठंय?"

कुठल्याही खोलीत शिरल्यावर आक्का आधी हा प्रश्न विचारायच्या, मग बसायच्या. समोर कुलसचिव असोत की कँटीनवाला, उत्तर मिळेपर्यंत त्या खुर्चीला हात लावत नसत. एकदा मी त्यांना माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला घेऊन गेले होते. मंगल कार्यालयाच्या दारात नवरीचा भाऊ गुलाबपाणी शिंपडत होता. त्यालाही त्यांनी हेच विचारलं. पाव्हणीला आल्या आल्या परत जायचंय असं वाटून तो बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, काही चुकलं का आमचं?"

आक्का आमच्या विद्यापीठात कर्मचाऱ्यांची कार्यशाळा घ्यायला यायच्या. परिपत्रकात तिचं नाव 'आरोग्य, तणावमुक्ती आणि सुरक्षितता' असं भारदस्त असायचं. आम्ही तिला आक्कांचा तास म्हणायचो. मूळच्या माणच्या. शेतकऱ्याघरची पोर, नर्सिंग शिकली आणि चाकणच्या एका कंपनीत प्रथमोपचाराच्या खोलीत अर्धं आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर अशा कार्यशाळा घेत फिरायच्या. उंची बेताची, आवाज मात्र पत्र्याच्या शेडमध्ये मशिनवरून बोलायची सवय असलेल्या माणसाचा. सुरुवात त्या पुस्तकी मराठीत करायच्या, "आदरणीय कर्मचारी बंधुभगिनींनो," आणि दुसऱ्याच वाक्याला "आता हे बगा" वर घसरायच्या. आम्ही त्या दुसऱ्या वाक्याचीच वाट बघायचो.

पहिल्या वर्षीचा कार्यक्रम अजून कुणी विसरलेलं नाही. मोठा फ्लेक्स लावला होता, 'सुरक्षित कर्मचारी, आनंदी कर्मचारी'. आक्कांनी सभागृहात पाऊल टाकलं, नेहमीचा प्रश्न विचारला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण संकटकाळी बाहेर पडायचं दार नेमकं त्या फ्लेक्सच्या मागे होतं. आक्कांनी पुष्पगुच्छ हातात घेतला नाही. "आदी ते सोडा," म्हणाल्या. फ्लेक्स सोडला, दार उघडलं, तर बाहेरच्या बाजूला मोडक्या खुर्च्यांची चळत. मग खुर्च्या हलवल्या. हलवणाऱ्यांत लेखाधिकारीही होते, आणि आक्का त्यांना कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकून ओझं कसं उचलायचं ते तिथल्या तिथे शिकवत होत्या. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. पण खरं तर तो तेव्हाच सुरू झाला होता, असं मला नंतर वाटलं.

तणावमुक्तीचा भाग त्यांना फारसा आवडायचा नाही. डोळे मिटून श्वास मोजायला लावायच्या, पण स्वतः एक डोळा उघडा ठेवून. एकदा शांतता पसरली आणि पुढच्या रांगेतून साक्षात कुलसचिवांचं घोरणं ऐकू यायला लागलं. कुणीतरी त्यांना हलवायला गेलं. "ऱ्हाऊ द्या त्येंना," आक्का म्हणाल्या. "हितं एक जन तरी कायतरी शिकला." जागे झाल्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले ते कुलसचिवच. पुढच्या वर्षी त्यांनीच आक्कांना पुन्हा बोलावलं.

माझं आणि आक्कांचं जुळलं ते मात्र एका प्रश्नावरून.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज तुमी घरी पोचला न्हाई, तर पयल्यांदा कुणाला कळंल?" उत्तरं फटाफट आली. बायकोला. आईला. वाहन विभागातले एक ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "कुत्र्याला, मॅडम. बायको त्याच्या नंतर." हशा पिकला. माझी पाळी आली. मी परीक्षा विभागात. परभणीहून नोकरीसाठी इकडे आले, मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. लग्न करायचं राहूनच गेलं. आईवडील गेले, भाऊ गावी त्याच्या संसारात. दिवस शुक्रवारचा होता. मी म्हटलं, "सोमवारी. ऑफिसला."

मी ते विनोद म्हणूनच बोलले होते आणि लोक हसलेही. आक्का हसल्या नाहीत. खडू हातात धरून त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला एकदम रडू येईल असं वाटलं आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

त्यानंतर त्यांनी जोड्या लावल्या. ही त्यांची स्वतःची पद्धत, दुसऱ्या कुठल्या कार्यशाळेत मी ती पाहिलेली नाही. प्रत्येकाला दुसऱ्या विभागातला एक जोडीदार. भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर पडून पार्किंगशेजारच्या करंजाखाली जमायचं. तिथे आल्यावर आपण आलो असं सांगायचं नाही. आपला जोडीदार शोधायचा, तो डोळ्यांनी दिसला की मोठ्याने सांगायचं, "माझा माणूस आला." सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही. ग्रंथपालांना ड्रायव्हरभाऊ मिळाले, लेखाधिकाऱ्यांना झाडूवाल्या मावशी. संख्या विषम होती, शेवटी मी एकटी उरले.

"ए परभणी," आक्का म्हणाल्या, "तुजी मी."

मला वाटलं, हे तेवढ्यापुरतं असेल. पण बाहेर पडताना त्यांनी माझा नंबर घेतला. "घरी पोचलीस की एक रिंग द्यायची. मी उचलनार न्हाई. मी पोचले की मी दीन, तू उचलू नगंस. एक रिंग म्हंजी पोचले. दोन म्हंजी गडबड हाय." मी म्हटलं, "आक्का, मेसेज करते की." तर म्हणाल्या, "मेसेज कुनीबी करतंय. घरी पोचल्याबिगर रिंग द्याची न्हाई, शपथ हाय तुला."

तर रोज संध्याकाळी एक रिंग. वाटेतल्या पुलाखालच्या गर्दीत बस अडकली की माझी उशिरा जायची. दार उघडलं की चप्पल काढायच्या, दिवा लावायच्या आधी रिंग. त्या निगडीला राहायच्या, प्राधिकरणात दुसऱ्या मजल्यावर. कधी भोसरीला, कधी तळेगावला कार्यशाळा असायची. त्यांची रिंग आली की मी कुकर लावायचे. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. घरात वाट बघणारी माणसं असलेल्यांना ते नाही कळायचं. मला आधी मारुंजीचं घर म्हणजे झोपायची जागा होती. त्या एका रिंगेमुळे मी तिथे पोचायला लागले.

त्यांच्याकडेही कुणी नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा कँटीनमध्ये चहा पिताना मी सहज विचारलं, "आक्का, ही जोड्यांची कल्पना कुठून आणलीत?" त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्या कंपनीत आग लागली व्हती," त्या म्हणाल्या. "शिफ्ट बदलायच्या टायमाला. सगळी भाईर आली, सुपरवायझरनं मानसं मोजली. आकडा बरुबर. मी तितंच व्हते, एकाच्या हाताला पट्टी बांधत व्हते. कुनीतरी वरडलं, सगळी आली, आकडा जुळला. माजा जीव भांड्यात पडला. मी आपली पट्टी बांधत बसले."

त्यांनी कप थोडा बाजूला सरकवला. मला पुढचं ऐकायची भीती वाटली.

"दुसऱ्या शिफ्टचा एक जन लवकर आल्याला. तो बी त्या रांगेत हुबा व्हता. त्याला धरून आकडा जुळला. आमचं मालक रंग मारायच्या खात्यात, पेंटशॉपला व्हते, ते आतच ऱ्हायले." मालक म्हणजे त्यांचे यजमान. "आकडा खोटा नव्हता गं. पन त्येंना कुनी बगितलंच नव्हतं. मी बी न्हाई."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग म्हणाल्या, "च्या गार व्हतोय."

पुढे विद्यापीठाने कार्यशाळा बंद केली. त्याऐवजी संगणकावर चित्रफीत आली. ती बघायची, खालचं 'पुढे' दाबत जायचं, शेवटी आपलं प्रमाणपत्र आपणच छापून घ्यायचं. मी चित्रफीत चालू करून चहाला जायचे, सगळेच जायचे. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्या कॉम्प्युटरला इचार, भाईर जायाची वाट कुठंय." बोलल्या हसत, पण त्यांना लागलं होतं. आमच्या इथलं येणं हा त्यांचा मोठा विरंगुळा होता.

रिंग मात्र चालू राहिली. कार्यशाळा असो नसो, त्या भाजी आणायला गेल्या तरी परत आल्यावर रिंग द्यायच्या.

एका संध्याकाळी ती आली नाही. मी कुकर न लावता बसून राहिले. मग फोन केला, नियम मोडून वाजत ठेवला. कुणी उचलला नाही. रिक्षा करून निगडीला गेले. कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या की जिन्यातच छातीत दुखायला लागलं, हातात भाजीची पिशवी होती, आम्हीच दवाखान्यात नेलं. तिथे मला दोन मिनिटं आत सोडलं. आक्कांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "रिंग द्याची ऱ्हायली गं. घरात पोचलेच न्हाई."

"असू दे आक्का," मी म्हटलं. "मी आले ना."

"व्हय," त्या म्हणाल्या. "तू आलीस." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी कधी विसरणार नाही. सकाळी त्या गेल्या.

अजूनही घराचं दार उघडलं की माझा हात फोनकडे जातो. त्यांचा नंबर मी काढून टाकलेला नाही. मला आक्का फार आठवतात, आणि त्या सगळ्यात जास्त आठवतात त्या दिवा लावायच्या आधीच्या त्या मिनिटभरात.

यंदा आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव पुन्हा झाला. नवे सुरक्षा अधिकारी आलेत, तरुण आहेत, कामात चोख. भोंगा वाजला, आम्ही करंजाखाली जमलो. त्यांनी टॅबवर आकडा टाकला, खुशीत म्हणाले, "पूर्ण संख्या जुळली. सगळे आले. चला आत."

कुणी हललं नाही.

त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले. तेवढ्यात ग्रंथपाल मोठ्याने म्हणाल्या, "माझा माणूस आला." मग ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "माझं आलं." मग लेखाधिकारी, मग मावशी. आक्कांचं येणं थांबून बराच काळ झाला होता, कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अधिकारी गोंधळून बघत होते आणि एकेक आवाज येत होता. शेवटी आवाज थांबले. ऊन चढलं होतं, तरी सगळे उभे. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्यासाठी थांबलेत.

ड्रायव्हरभाऊंनी हळूच विचारलं, "मॅडम, तुमचं?"

मी गेटकडे बघितलं. आक्का तिथे रिक्षातून उतरायच्या, पदर खोचायच्या आणि आत यायच्या आधी आवारभर नजर फिरवायच्या. गेटवर कुणी नव्हतं. एवढी माणसं उन्हात तिष्ठत होती, त्यांना सोडवणं माझ्याच हातात होतं.

"माझं आत कुणी नाही," मी म्हटलं. "चला."

मग सगळे निघाले. मावशी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या. झाडाखाली मी एकटीच उरले. आपला माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही, असं आक्कांनी बजावून ठेवलेलं. आणखी थोडा वेळ मी गेटकडे बघत उभी राहिले, आणि मग त्यांचा हा नियम पहिल्यांदा मोडून आत गेले.