मापाचा पोचा

धाकलूच्या उजव्या खांद्यावर कावडीचा घट्टा पडला होता, चांगला लिंबाएवढा. मुळशीच्या तलावावरच्या वाड्यांमधले लोक त्याला लांबूनच त्या तिरक्या खांद्यावरून ओळखत. कावडीच्या एका टोकाला रॉकेलचा डबा, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि कमरेच्या करदोट्याला बांधलेलं पत्र्याचं माप. सोमवारी पौडाहून डबे उचलायचे, संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या आपल्या घरी आणायचे आणि मंगळवारी उजाडलं की वरच्या वाडीचा चढ धरायचा. वाडीत पंचवीस-तीस घरं. तिथं दुकान नाही, रस्ता नाही. धाकलू आला तर घरात चिमणी पेटणार, नाहीतर चुलीच्या जाळावर जेवायचं. पंधरा वर्षांत एक मंगळवार चुकवला नाही, हे तो ज्याला त्याला सांगायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायचा.

अठ्ठावन्न सालातल्या त्या मंगळवारी मात्र त्याचे पाय चढाला लागेनात. दर वळणावर तो कावड टेकवत होता. कारण आधीच्या फेरीला त्याच्या विहिणीनं, फुलाबाईनं, जावयाच्या तोंडी निरोप दिला होता: पुढच्या मंगळवारी याल तेव्हा जाताना लेकीला संगं घेऊन जा. धाकलूची एकुलती एक लेक सोनी याच वाडीत, फुलाबाईच्या देवूला दिलेली. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. आणि पोरीवर आळ काय, तर ती घरातलं रॉकेल चोरते.

रॉकेल कुठं जात होतं हे सगळ्या जगात एकट्या धाकलूला माहीत होतं. ते त्याच्या कमरेला लटकत होतं.

त्याची सुरुवात लांब समुद्रापलीकडं झाली होती. छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमाराला कुठलासा सुएझचा कालवा बंद पडला. तो कालवा कसा असतो, मुठा कालव्यासारखा की कसा, हे पौडात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तेलाच्या बोटी अडकल्या, भाव चढणार, एवढं दुकानदार हैबतरावांना बरोबर कळलं. धाकलू डबे घ्यायला गेला तर डब्याला बारा आणे जास्त. डबे तेच, गेल्या महिन्यापासून गोदामात पडलेले. वरची धूळ धाकलूनं स्वतःच्या हातानं पुसली होती. तसं त्यानं बोलूनही दाखवलं. हैबतराव शांतपणे म्हणाले, अरे, हे विकून मला उद्या महागाचा माल भरायचा आहे, आजच्या भावानं विकलं तर उद्या कशानं भरू? बोलणं पटण्यासारखं होतं. हैबतरावांचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असायचं, हीच तर त्यांच्या दुकानाची बरकत.

वाडीला मात्र ते पटेना. मापाला दोन आणे ही तिथली रीत होती. धाकलूनं अडीच सांगितले, तर बायांनी आपापले पत्र्याचे बुधले उचलले आणि घरात निघून गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. दोन्ही डबे तसेच्या तसे घेऊन धाकलू खाली उतरला. भरल्या कावडीनं उतरताना गुडघे किती बोलतात ते त्या दिवशी त्याला कळलं. पुढच्या मंगळवारीही तेच झालं.

मग एका सकाळी तो अंगणात माप पालथं घालून बसला. आतल्या बाजूला ओरडून त्यानं वरवंटा मागितला, कुणीतरी तो हातात आणून दिला, आणि वर मान न करता त्यानं मापाच्या बुडावर चार घाव घातले. बूड आत गेलं, चांगला खोल पोचा आला. वरून बघणाऱ्याला काठोकाठ भरलेलं माप दिसायचं. आतला उंचवटा तेलाखाली झाकून जायचा. भाव दोन आणेच राहिला. बाया खूश झाल्या, म्हणाल्या, धाकलूदादा शब्दाला जागला.

धाकलू लबाड होता का? तर होता. पण तोट्यात कावड वाहणारा माणूस किती दिवस वाहील, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर हैबतरावांकडं मागायला हवं होतं. ते असो. पोचा पडला आणि दोन-तीन महिन्यांत सोनीचं लग्न झालं.

वाडीत तेलाचा हिशेब रात्रींवर चालायचा. एक माप म्हणजे एका चिमणीच्या सात रात्री. मंगळवारचं तेल मंगळवारपर्यंत. आता सहाव्या रात्रीलाच चिमणी धूर सोडून विझायला लागली, आणि दर सोमवारी वाडी अंधारात बसू लागली. ज्या त्या घरानं आपापला गुन्हेगार शोधला. कुणी म्हणालं वात जाड झाली, कुणी म्हणालं हल्लीचं तेलच पातळ. शेजारच्या गोजराबाईनं नवऱ्याला धारेवर धरलं, की चिलीम ओढत उशिरापर्यंत बसता म्हणून तेल जळतं. फुलाबाईच्या घरात मात्र त्याच सुमाराला एक नवं माणूस आलं होतं. फुलाबाईला वात बघायची गरज पडली नाही.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्याआधी वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी पेपरात वाचून सांगितलं, की बाहेरच्या देशांत कच्चं तेल स्वस्त झालंय. बायांनी धाकलूला घेरलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, मी भाव वाढवला होता का, म्हणून उतरवू? बायांनी बुधले पुढं केले. सोमवारी त्यानं तोच प्रश्न हैबतरावांना उलटा करून विचारला. त्यांनी बोटांवर मोजून कारणं सांगितली. गोदामात अजून महागाचा माल पडलाय, तो काय ओढ्यात ओतू? शिवाय तेल जेवढं उतरलं तेवढा सरकारनं वर कर बसवला. लॉरीचं भाडं तर कुठंच उतरलं नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. धाकलूचं डोकं तापलं.

"शेट," तो म्हणाला, "चढला तवा जुनं तेल नव्या भावानं दिलं. आता उतरलाय तर जुनं तेल जुन्याच भावानं. दोनी टायमाला तुमचंच खरं. मंग आमची पाळी कवा?"

"येईल की," हैबतराव म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

ती आलीही. महिन्याभरानं, गाजावाजा न करता, डब्याला आठ आणे उतरले. चढताना बारा, उतरताना आठ, तेही चिमटीनं सोडल्यासारखे. पण उतरले. त्या दिवशी घरी येताना धाकलूनं ठरवलं, आता पोचा काढून टाकायचा. माप काढलं, हातात फिरवलं आणि पुन्हा करदोट्याला बांधलं. एवढी एक फेरी होऊ दे, मग बघू. दुसऱ्या सोमवारीही तसंच झालं. ते आठ आणे खिशात असताना फार ऊबदार वाटत होते, आणि पौडातच उतरलं न्हाई हे वाक्य त्याच्या तोंडात आपोआप बसलं होतं. आपण हैबतरावांसारखे बोलतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या फेरीला फुलाबाईचा निरोप आला.

आता चढावर शेवटच्या वळणाला तो सगळे मार्ग तपासत होता. गुपचूप पोचा काढावा? मग तेल सात रात्री पुरेल, आणि सगळी वाडी म्हणेल, बघा, धरली म्हणून सुधारली. सोनी जन्माची चोर ठरेल. गप्प राहून लेकीला घरी न्यावं? टाकलेल्या पोरीला परत कोण नांदवणार? आणि खरं सांगावं, तर वाडीचा मंगळवार संपला. पलीकडच्या वाडीचा बहिरू कावड घेऊन टपलेलाच होता. धाकलूच्या खांद्याला दुसरं काही येत नव्हतं.

फुलाबाईच्या ओट्यापुढं पाच-सहा बाया बुधले घेऊन उभ्या होत्या. एरवी त्या हसतबोलत यायच्या. देवू खांबाला टेकून जमिनीकडं बघत होता. दाराशी सोनी उभी होती. पायाशी लुगड्याचं गठुळं बांधून ठेवलेलं. ती वाळली होती. रडलेली दिसत नव्हती, आणि धाकलूला तेच जास्त लागलं.

फुलाबाईनं त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. रीत सोडली नाही. मग म्हणाली, "व्याही, तुमास्नी बोल न्हाई. भाव त्योच, माप बी त्येच. मंग तेल जातं कुटं? ही घरात आल्यापास्नं सातव्या रातीला माज्या घरात अंधार हाय. इचारलं तर दातखीळ बसती. न्हाई म्हनत न्हाई, व्हय म्हनत न्हाई."

धाकलूनं वातीचा विषय काढून बघितला. फुलाबाई म्हणाली, वात मीच वळते. मग तो म्हणाला, पोर दळायला चिमणी घेऊन बसत असेल. ती म्हणाली, उलट ही तर अंधारात दळते, भाकरीसुद्धा जाळाच्या उजेडात थापते. चोरलेलं झाकायला करत असणार, दुसरं काय. धाकलूनं लेकीकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या कमरेवर होती.

"विहीणबाई," तो म्हणाला, "वरवंटा द्या."

कुणाला काही कळेना. देवूनं वरवंटा आणून दिला. धाकलूनं डब्यातून माप काठोकाठ भरलं, सगळ्यांना दाखवलं. मग तांब्या मागून ते तेल त्यात ओतलं, थेंबही सांडू दिला नाही. रिकामं माप ओट्याच्या कडेवर धरलं आणि आतून वरवंट्यानं बूड ठोकायला लागला. चौथ्या घावाला पोचा टण्ण करून बाहेर आला. मग त्यानं तांब्यातलं तेच तेल परत मापात ओतलं.

तेल काठापर्यंत आलंच नाही. दोन बोटं खाली राहिलं.

"ही तुमची सातवी रात," धाकलू म्हणाला. "दीड वरीस मी नेली. पोरीनं न्हाई."

बाया माप बघायला पुढं वाकल्या. मग गोजराबाई हळूच म्हणाली, की दीड वर्ष तिनं नवऱ्याला चिलमीवरनं शिव्या घातल्या, आता त्याला तोंड कसं दाखवू. एरवी यावर सगळ्या हसल्या असत्या. फुलाबाई त्या मापात बघत राहिली होती. पोचा कधी पडला, भाव कधी उतरला, सगळं धाकलूनं सांगून टाकलं. मागच्या तीन फेऱ्यांचे आठ-आठ आणेही सांगितले, कारण आता ठेवून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं पौडाचं नाव काढलं तेव्हा मात्र फुलाबाईनं हातानंच त्याला थांबवलं. हैबतरावांच्या दुकानात वरवंटा घेऊन कुणी जाणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. त्यांचं लबाडीचं माप पत्र्याचं नव्हतं, आणि वाडीच्या हाताला लागत होता तो एकटा धाकलू.

फुलाबाई सोनीकडं वळली. तिच्या तोंडावर राग होता की लाज, ते धाकलूला ओळखता येईना.

"तुला ठावं व्हतं?"

सोनीनं होय म्हणून मान हलवली.

"मंग मार खाल्लास तरी बोलली का न्हाईस?"

सोनी पहिल्यांदाच बापाकडं बघून बोलली. "त्या दिशी बानं वरवंटा मागितला, तवा मीच आनून दिला व्हता. मला वाटलं, पुरवून पुरवून वापरलं तर कुनाला कळनार न्हाई."

धाकलूला त्या सकाळचा तो हात आठवेना. कितीही आठवलं तरी वरवंटाच दिसत होता, देणारी पोर दिसत नव्हती. तिथंच ओट्याच्या पायरीवर बसून तो रडला, चारचौघींत, लहान पोरासारखा. कुणी त्याची समजूत काढली नाही.

फुलाबाईनं स्वतः वाकून गठुळं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन तिनं माप धाकलूच्या पुढ्यातून घेतलं आणि सोनीच्या हातात दिलं. तिनं सांगितलं, की डबे तुम्हीच आणा, पण माप इथंच राहील, आणि मंगळवारी घालायचं ते सोनीच घालेल. बायांनी माना डोलावल्या. बहिरूचं नावही निघालं नाही.

सोनी डब्यापाशी बसली. एकेक बुधला पुढं येत गेला. ती माप भरायची, काठाशी तेल थरथरून स्थिर होईपर्यंत थांबायची, आणि मगच ओतायची. प्रत्येक बाई तिच्या हाताकडं नीट बघून घेत होती. सोनीला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

डबे संपले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धाकलूनं रिकामी कावड खांद्यावर घेतली. निघताना पंधरा वर्षांच्या सवयीनं त्याचा हात माप चाचपायला कमरेला गेला, आणि करदोट्यावरून तसाच मागं आला. मागं सोनी माप राखेनं घासत बसली होती, आणि तो घासण्याचा आवाज त्याला दुसऱ्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.