तेरवीची भांडी

मी चोर आहे. हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कोणी वाईट मानत नाही. उलट लग्नाच्या मांडवात मी दिसलो की वाढणाऱ्या बाया ओरडतात, "भांडे मोजून घ्या वं, डोमाजी आले!"

झालं ते असं. धान कापणीच्या दिवसांत माझी बायको पारबता वारली. सकाळी चहा दिला, दुपारी छातीत दुखते म्हणाली, आणि गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलंही. (कोणत्याच कामाला वेळ लावायची तिला सवय नव्हती.) बेचाळीस वर्षांचा संसार! मागं राहिलो मी, एक म्हैस आणि कोठीभर भांडी.

आता भांड्यांचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं लग्न असो की तेरवी, भाड्यानं भांडी कोणी आणत नाही. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरी साऱ्या मोहल्ल्याचे गंज म्हणजे मोठी पातेली, पराती, बादल्या गोळा होतात. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असते. जेवणं झाली की ज्याचं भांडं त्याच्या घरी पोचवायचं, आणि हे काम पारबताचं. नाव वाचायची तिला गरज नव्हती. वाचता येतही नव्हतं. मी दुसरी शिकलो, ती माझ्याहून दोन वर्ग मागं! पण नुसतं बोट फिरवून सांगायची, "हा पोचा फुलनबाईच्या घरचा. ही कडी डुगडुगते, म्हणजे सरपंचाची."

साऱ्या मोहल्ल्याच्या कार्याची भांडी तिनं घरोघरी पोचवली. तिच्या तेरवीची पोचवायला मात्र तीच नव्हती.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

उन्हाळ्यात माझा मुलगा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये लागला आणि सूनबाई वैशालीला घेऊन घरी राहायला आला. वैशाली नागपूरची. तिच्यासोबत तिचा लॅपटॉप आला. एक दिवस तिनं कोठी उघडली आणि दारातच थबकली.

"मामाजी, हे सगळं आपलं?"

"मंग काय बाजूवाल्याचं?" मी म्हणालो. (हे वाक्य आजही लोक मला म्हणून दाखवतात.)

"केवढं जुनं आहे हो! कॉम्प्युटरवर अशा वस्तूंचा लिलाव होतो. लोक बोली लावतात."

"विकून टाक सारं. मले पाहवत नाई ते." खरंच पाहवत नव्हतं. भांडं वाजलं की वाटायचं, पारबता उठली. "फक्त तुझ्या सासूचा तांब्याचा गुंड ठेव, पाण्याचा. तिच्या बापानं आंदणात देल्लेला. सोन्यावानी चमकते. त्याले हात लावाचा नाई."

तिनं कोठी पालथी घातली. चमकणारा गुंड काही सापडला नाही.

तो नाही हे मला ठाऊकच होतं. तेरवीच्या गर्दीत कोणीतरी लांबवला, असं मी मनात पक्कं धरलं होतं. सहा महिने मी ज्याच्या त्याच्या घरी पाणी मागून प्यालो ते तहानेनं नाही, मान लांब करून चुलीमागं पाहायला! साऱ्या मोहल्ल्याला मी मनातल्या मनात चोर ठरवून बसलो होतो.

तर विक्री सुरू झाली. वैशाली एक-एक वस्तू अंगणात मांडून फोटो काढायची आणि मी खाटेवर बसून ओळख सांगायचो.

"हे काय, मामाजी?"

"पायली. धान मोजाची."

"पण इथं असंच भांडं आहे, त्याखाली लिहिलंय, राजघराण्यातील मद्यपात्र."

"पायलीनं दारू पेणारा राजा राज्य कधी करत असन?"

ती हसली, पण तिनं 'मद्यपात्र' असंच लिहिलं आणि बोली चढली! मी हादरलो. मग निघाली पितळेची पिकदाणी, माझ्या बापाची. ती बंगलोरच्या एका बाईनं घेतली आणि आठ दिवसांनी फोटो पाठवला. जेवायच्या टेबलाच्या मधोमध पिकदाणी, पिकदाणीत गुलाबाची फुलं, भोवती चार माणसं जेवताहेत!

मी घाम पुसला. "माह्या बापानं चाळीस वर्ष थुंकलं त्याच्यात!"

"सांगू का त्यांना?"

"कायले सांगाचं? फुलं ताजे दिसून राहिले."

एक राहिलं. अगदी पहिल्या दिवशी कोपऱ्यात एक भांडं उपडं पडलं होतं. काळं, हिरवट, हात लावला तर हात काळा. "आणि हे?" वैशालीनं विचारलं. मी लांबूनच पाहिलं. "ढोराले पाणी पाजाचं असन. पहिले तेच काढ." पहिलं तेच गेलं, पुण्याच्या एका गृहस्थाकडं.

"मामाजी, बाकी भांड्यांच्या बुडाशी काही कोरलंय. झिजलंय, वाचता येत नाही."

माझा चष्मा घरात होता आणि मी खाटेवर. "नाव असन," मी म्हणालो.

ते नाव बनवणाऱ्याचं समजून तिनं लिहिलं : 'कारागिराच्या सहीचे दुर्मिळ गंज.'

एका सकाळी बाजूचा गेंदलाल चहाला आला होता. लहानपणापासूनचा दोस्त. वैशाली लॅपटॉपवरून ओरडली, "मामाजी, मोठ्या गंजासाठी जयपूरचा व्यापारी विचारतोय! त्यानं फोटो मोठा करून सही वाचली!"

"वाच मोठ्यानं." गेंदलालसमोर जरा मिरवावं म्हटलं.

तिनं वाचलं, "बहुत बढ़िया काम है. नाम पढ़ लिया, गेंदलाल. ये कारीगर कब गुज़रे? गुज़र गए हों तो दाम और बढ़ेगा."

गेंदलालचा चहा बशीतून धोतरावर गेला.

"मी? मी मेलो काऊन?"

वैशाली एकदा गेंदलालकडं पाही, एकदा लॅपटॉपकडं. गेंदलाल उठला, लॅपटॉपच्या काचेला नाक लावलं आणि बोंबललाच, "हा तं माह्या लग्नातला गंज! माह्या मामानं देल्लेला! डोमाभाऊ, तू माह्या लग्नाचा गंज जयपूरले धाडून राहिला?"

"तुह्या लग्नाचा गंज माह्या कोठीत काऊन?"

"अरे, तेरवीले आणला ना तूच! बुंदी कायच्यात काढली होती?"

डोळ्यांसमोर तेरवीची पंगत आली आणि पंगतीतलं एक-एक भांडं चालत चालत माझ्या कोठीत शिरलं!

"मंग सहा महिने मांगलं काऊन नाई?"

"दुःखाच्या घरी भांडं मांगाले कसं यावं, भाऊ? घरवाली रोज शिव्या देऊन राहिली. म्हणते, तेरवीतून गंज कोण्या बाईच्या घरी धाडला, सांग!"

गेंदलाल घरी गेला. मग काय विचारता! घटकाभरात सारा मोहल्ला माझ्या अंगणात. जो तो भांडं उपडं करून उन्हात धरतो आहे. "ही परात माही!" "हे झारे कोणाचे?" ती पायलीसुद्धा सरपंचाचीच! (ती दोन दिवसांआधी पोस्टानं गेली होती. सरपंच म्हणाला, "जाऊ दे, राजाच्या कामी आली.") वैशाली रडकुंडीला येऊन एक-एक लिलाव रद्द करत होती. चार-पाच गंज बारदानात शिवून खाटेखाली ठेवले होते, ते गेंदलालनं पोराच्या बारशाची मिठाई उघडावी तसे फाडून उघडले. सहा महिने ज्यांना मी मनातल्या मनात चोर म्हणत होतो, त्यांच्यापुढं मी चोरीच्या मालासकट उभा होतो, आणि तेच मला म्हणत होते, "जाऊ दे भाऊ, होते असं."

मला ते सहन होईना. काही झालं तरी माझी एक वस्तू यांच्यापैकी कोणाकडं तरी आहे, असं वाटून मी बोललोच, "तुमचे तं भेटले. माह्या पारबताचा गुंड कोणाच्या घरी हाय, तेही सांगा आता!"

गेंदलालची बायको फुलनबाई पदर खोचत पुढं आली. "असं काऊन बोलता, भाऊजी? तेरवीचं पाणी भराले गुंड मीच नेला होता, अन् सोता आणून कोठीत ठेवला. तेरवीच्या चवथ्या दिवशी. त्या कोपऱ्यात, उपडा."

"त्या कोपऱ्यात नव्हता. तिथं एक काळं भांडं होतं फक्त."

"काळं?"

"काळं. हिरवं-काळं."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. फुलनबाई हळूच म्हणाली, "भाऊजी, तांबं हाय ते. चिंच-राख नाई लावली तं आठ दिवसात काळं पडते. पारबताबाई रोज घासे."

रोज घासे! बेचाळीस वर्षं त्या गुंडातलं पाणी प्यालो, आणि मला वाटायचं, तांबं आपल्या मनानंच चमकते!

वैशालीनं जुना फोटो काढला आणि मोठा करत गेली. काळ्यातून ठिपके वर आले. पा. र. ब. ता. दुसरीपर्यंतच्या शिक्षणात तेवढं मला वाचता येते. मी खाली बसलो. फुलनबाईनं पाणी आणलं. ते स्टीलच्या गिलासात होतं, ते बरं झालं.

पुण्याच्या गृहस्थाला वैशालीनं लगेच लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं : 'आपल्या भावना पोचल्या. परंतु आमचा खरेदी-विक्रीचाच व्यवसाय असून सदर घडा सध्या लिलावात आहे. आपणही बोली लावू शकता.'

म्हणजे माझ्या बायकोचा गुंड घ्यायला मी बोली लावायची!

शेवटच्या दिवशी, दुपारी, सारा मोहल्ला लॅपटॉपभोवती. मी बैलबाजारातला माणूस. मी सांगितलं, "लिही, बुडाले भोक हाय. लिही, कान तुटला."

"मामाजी, इथं पाडून मागता येत नाही! फक्त वाढवता येते!"

"हा कायचा बाजार?"

आम्ही वाढवलं की समोरचा कोणी वाढवायचा. गेंदलाल ओरडायचा, "हान, डोमाभाऊ! माह्याकडून घे, पण हान!" समोरचा हटेना. दहा मिनिटं राहिली. वैशाली म्हणाली, "इथं खाली प्रश्न विचारायची जागा आहे. सगळ्यांना दिसते."

"मंग लिही. हा गुंड माह्या मेलेल्या बायकोचा हाय. चुकून विकला. मांगं हटा."

"मामाजी, 'कृपया' लिहू?"

"लिही."

तिनं लिहिलं, वर आमची बोली लावली, आणि मग उरलेली मिनिटं काहीच झालं नाही. दुसऱ्या कोणी बोली लावली नाही. समोर कोण होता देव जाणे, पण माणूस होता. घड्याळ संपलं आणि फुलनबाई मोठ्यानं रडली. मीही रडलो, पण मला सर्दी होती.

विकला त्याच्या चौपट भाव देऊन गुंड घरी आला. तसाच काळा. मी चिंच भिजवली, राख घेतली आणि अंगणात बसलो. वैशाली धावत आली, "मामाजी, नका घासू! काळा आहे म्हणून तर एवढी किंमत आहे!"

मी घासत राहिलो. खांदे भरून आले, नखं फाटली, तेव्हा कुठं बोटभर जागा लाल दिसली. कुंपणाआडून फुलनबाई पाहत होती. म्हणाली, "भाऊजी, अजून जोर लावा. बाई एका हातानं घासे."

लग्नापासून आजपर्यंत घरातलं एक भांडं मी हातानं घासलं नाही. घासलं ते हे एकच, आणि तेही विकत घेऊन!