पूनमच्या प्रोटीनला माझा हात लागला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या सगळ्यात मूर्ख मीच आहे.

माझी धाकटी जाऊ सुमन वरशाला, गावी, राहते. तिची लेक पूनम कॅन्सरच्या औषधांचं संशोधन करते. झालं! सुमनच्या फोनला दुसरा विषयच नाही. मी इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात इतकी वर्षं मूर्तींचे खळगे पुट्टीने भरते, कोणी विचारलंय कधी? खोटं कशाला बोलू, जळत होते मी!

परवा पूनम वरशाच्या शाळेत बोलायला निघाली, वाटेत माझ्याकडे उतरली. खोक्यातून तिने नारळाएवढा ओबडधोबड गोळा काढला.

"काकी, आपल्या शरीरात एक प्रोटीन असतं, कॅन्सरला आवरणारं. त्याचं हे मोठं मॉडेल. ते बिघडलं की वाकडं होतं, कामच करत नाय. आम्ही इवलंसं औषध शोधतोय, त्याला परत सरळ करणारं."

एवढं सांगून ती जेवून आडवी झाली. मी गोळा फिरवून पाहिला. एका बाजूला हा एवढा खळगा! मनात गुदगुल्या झाल्या हो! सुमनची पोर, आणि फिनिशिंग असं?

मग वाटलं, आपणच नीट करावं. भर सभेत पूनम माझं नाव घेईल, सुमनचं तोंड बघण्यासारखं होईल! पुट्टी भरली, पंख्याखाली वाळवली, घासली, वर रंगाचा हात मारला. आता शोधा म्हणावं खळगा! गोळा गुपचूप खोक्यात ठेवला आणि पूनमबरोबर मीही वरशाला निघाले.

शाळेत पूनमने एका हातात गोळा धरला, दुसऱ्या हातात पिवळा मणी.

"हा मणी म्हणजे आमचं औषध. ते बरोब्बर इथे बसतं…"

मणी घरंगळला. पुन्हा लावला, पुन्हा खाली! पोरं खिदळायला लागली. पूनम गोळा फिरवतेय, फिरवतेय.

"खळगा कुठे गेला?"

आली की माझी वेळ! मी ताडकन उभी राहिले. "अगो, मी बुजवला! कसा गुळगुळीत झालाय बघ!"

पूनम मटकन खुर्चीत बसली. "काकी गो, हे बिघडलेल्या प्रोटीनचं मॉडेल, बिघाड झाला की तो खळगा पडतो. आमचं औषध त्यातच बसून प्रोटीनला सावरतं. तीच तर जागा!"

"ताई, काय केलंत हो!" पहिल्या रांगेत बसलेल्या सुमनने कपाळाला हात लावला.

भर सभेत मी केसांतल्या पिनेने पुट्टी उकरत बसले. एकदाचा मणी बसला. मग पूनमने मला पुढे बोलावलं. म्हटलं, चला, नाव तरी घेतेय!

"मुलांनो, ही माझी काकी. शरीरात अशी एखादी काकी निघाली, तर आमचं औषध फुकट!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सुमनने.